मोजणीदाराचा डिमर

आम्ही हिंगोलीत भाड्याच्या घरात राहायला आलो, त्या दिवशी टेम्पोतून सामान उतरायच्या आत शेजारचे एक गृहस्थ हातात लांबलचक फीत घेऊन आले. तिचं एक टोक त्यांनी माझ्या हातात दिलं आणि म्हणाले, "उंबऱ्याला धरा. बराबर कोपऱ्यावर." मी धरलं. गोदरेजचं नव्हे, साधंच, पण चांगलं जड कपाट पाठीवर घेऊन हमाल तसाच थांबला. गृहस्थ फीत सोडत सोडत आपल्या उंबऱ्यापर्यंत गेले, वाकून आकडा वाचला आणि तिथूनच ओरडले, "अठरा फूट सात इंच! आता आपण शेजारी झालो. चहाला या."

हे पाईकरावकाका. गल्लीत सगळे त्यांना मोजणीकाका म्हणत. जमीन मोजणीच्या खात्यात त्यांची सगळी नोकरी मोजणीदार म्हणून गेली. वसमत, औंढा, कळमनुरीकडची किती वावरं त्यांनी साखळी ओढत पायाखाली घातली असतील, कोण जाणे. नोकरी सुटली, मोजणी मात्र सुटली नाही. काकूंची भाकर नऊ इंचांची. गल्लीच्या तोंडापासून नळापर्यंत दोनशे बारा पावलं, चप्पल नवी असेल तर दोनशे आठ. 'जवळच आहे', 'थोडंसं', 'बराच वेळ झाला' असले शब्द त्यांच्यासमोर काढायची सोय नव्हती. लगेच विचारायचे, "मोजलं का?"

मी शाळेत सातवीला गणित शिकवते. त्यामुळे काका मला आपल्या बिरादरीतली समजत आणि जास्तच छळत. "अंदाज म्हणजे अर्धं भांडण असतंय, बाई," ते म्हणायचे. "डोळा खोटं बोलतो. फीत न्हाई बोलत." आमच्या ह्यांची उंची पाच फूट आठ इंच आहे असं मी लग्नापासून समजत होते. काकांनी ह्यांना भिंतीला उभं करून ती पाच फूट साडेसहा इंचांवर आणली. हे त्यांच्याशी दोन दिवस बोलले नाहीत.

त्यांच्या मोजणीची एक गोष्ट गयाकाकू, म्हणजे काकांच्या मंडळी, मला नेहमी सांगत. काकूंचं माहेर कुरुंद्याचं. तिथं त्यांच्या सख्ख्या भावाचं हळदीच्या वावरात बांधावरून शेजाऱ्याशी वाजलं, आणि मोजणीला नेमके काकाच आले. मेहुण्यानं कोंबडं कापलं. काका म्हणाले, आधी मोजणी, मग जेवण. साखळी पडली आणि दीड हात जमीन शेजाऱ्याची निघाली.

"माझा भाऊ म्हणला, दाजी, खुणेचा दगड एक हातभर इकडं सरकवा, कुणाला कळतंय?" काकू सांगायच्या. "तर हे काय म्हणावेत? मला कळतंय ना! अन् रोवला की दगड जिथल्या तिथं. कोंबडं ऱ्हायलं चुलीवर. सात वर्सं मला माहेराहून बोलावणं न्हाई."

हे सांगताना त्या हसत. त्या हसण्यात राग किती आणि अभिमान किती, ते मोजायला फीत नव्हती.

हिंगोली नवा जिल्हा झाला, त्याच्या पुढच्या सालातली गोष्ट. हळद शिजवायचे दिवस होते. मी शाळेतून आले तर काकांच्या ओट्यावर युसूफभाई वायरमन कपाळाला हात लावून बसलेले.

"बाई, आप समझाव इनको," ते मला म्हणाले. "काकांनी नांदेडहून डिमर मागवलाय. बटन काढायचं अन् त्याच्या जागी हा कान बसवायचा. कान पिळला की लाइट हळूहळू वाढते. ये बडे हॉटेलवालों का शौक है. आपल्या गावात संध्याकाळी सात वाजले की समदं गावच डिम होतंय. त्याला आणखी डिमर काहून पाहिजे?"

बोलणं खरं होतं. त्या वेळी संध्याकाळचं व्होल्टेज असं असायचं की पंख्याची पाती मोजता यायची.

"युसूफ," काका शांतपणे म्हणाले, "गावाचं डिम मोजता येत न्हाई. मला मोजता येईल असं डिम पाहिजे."

पुढं आणखी एक अडचण निघाली. हा डिमर ट्यूबलाइटला चालत नाही, त्याला पिवळा बल्बच लागतो. सगळी गल्ली बल्ब काढून ट्यूबा लावत होती आणि काकांनी चांगली चालती ट्यूब उतरवून साठचा बल्ब लावला. युसूफभाईंनी फ्यूज काढला, जुनं काळं बटन उतरवलं, लाकडी बोर्डाला नवं भोक पाडलं. काका शेजारी उभे राहून "आधी मोज, मग पाड" करत होते. काम झाल्यावर युसूफभाई पाणीसुद्धा न घेता गेले.

दुसऱ्या दिवशी काका माझ्याकडं आले. "बाई, शाळेतले दोन कोनमापक मिळतील का? पोरांच्या कंपासपेटीतले?" मी दिले. ते त्यांनी एकाला एक जोडून पूर्ण वर्तुळ केलं आणि डिमरच्या कानाभोवती बोर्डावर चिकटवलं. कानावर शाईनं एक रेघ मारली. आता तो कान किती अंश फिरला ते वाचता येत होतं. आणखी एक खूळ त्यांनी त्याच महिन्यात काढलं. पलंगापासून न्हाणीच्या दारापर्यंत कमरेएवढ्या उंचीवर एक दोरी बांधली आणि तिला हाताहाताला गाठी मारल्या. "कपडे वाळायला," म्हणाले. घरातल्या घरात कपडे कोण वाळत घालतं? पण विचारलं असतं तर गाठींचा हिशेब ऐकावा लागला असता. मी विचारलं नाही.

आणि मग आमचा रेडिओ बिघडला.

दिवेलागणीला तो गुरगुरायला लागे. खर्रर्र... खर्रर्र... आमचे हे क्रिकेटची कॉमेंटरी ऐकणारे. एकदा नेमका खेळाडू बाद झाला की चौकार गेला, हे त्या गुरगुरण्यात बुडालं आणि ह्यांनी रेडिओला थोबाडीत मारली. नवे सेल घातले. दुरुस्तीला दिला. दुकानदार म्हणाला, यात काही दोष नाही. शेवटी माझ्या ध्यानात आलं, रोज काकांच्या घरात दिवा लागायची वेळ झाली की ही गुरगुर सुरू होते. डिमरचा प्रताप होता. मी पदर खोचला आणि अठरा फूट सात इंच चालून भांडायला गेले.

काकांच्या घराच्या खिडक्या बंद, दार अर्धवट ढकललेलं. आत काकू पलंगावर ताठ बसलेल्या. कोनाड्यात त्यांचा सेलवर चालणारा रेडिओ, त्यावर शेतकऱ्यांचा कार्यक्रम. काका बोर्डाजवळ. मला पाहताच त्यांनी बोट ओठावर ठेवलं. "बाई, बोलू नका. मोजणी चालू हाय."

त्यांनी कान फिरवला. खट्. त्यांचाही रेडिओ गुरगुरायला लागला. बल्बची तार आधी निखाऱ्यासारखी लाल झाली. काका कान एवढा हळू फिरवत होते की श्वास रोखून पाहावं लागत होतं. अंधारातून भिंतीवरची बुद्धाची तसबीर वर येऊ लागली, आधी चौकट, मग चेहरा.

"आला," काकू म्हणाल्या, आणि त्यांनी तसबिरीच्या दिशेनं हात जोडले.

आपल्याकडं दिवा लागला की हात जोडायची रीत घरोघर आहे. काकूंचीही तीच. फक्त आता दिवा कधी लागला, हे काकूंचे हात जोडले जाण्यावरून ठरत होतं. काकांनी कानाची रेघ कुठं आहे ते वाकून पाहिलं, भिंतीवर शिसपेन्सिलीनं बारीक खूण केली आणि तारीख घातली.

मला ओट्यावर आणून त्यांनी सगळं सांगितलं. काकूंना काचबिंदू झाला होता. नांदेडच्या डॉक्टरनं सांगितलं, गेलेली नजर परत येत नाही, राहिलेली टिकवायची, थेंब घालत राहा.

"मी इचारलं, किती ऱ्हायली? तर डॉक्टर काय म्हणला सांगू? थोडी." काकांनी ओट्यावर थाप मारली. "थोडी! एवढा शिकलेला माणूस, अन् म्हणतो थोडी. मग म्हणलं, आपणच मोजू. बटनाचं काय, एक तर हाय, न्हाई तर न्हाई. मधलं कसं मोजावं? म्हणून हा डिमर आणला. तिला जितक्या कमी उजेडात दिसंल, तितकी तिची नजर शाबूत."

मी घरी आले. ह्यांनी विचारलं, "भांडलीस का?" मी म्हटलं, "उद्यापासून दिवेलागणीला पंधरा मिनिटं रेडिओ बंद." ह्यांनी एकदा माझ्या तोंडाकडं पाहिलं आणि उठून रेडिओ बंद केला.

तो उन्हाळा वाईट गेला. भिंतीवरच्या खुणा पुढं पुढं सरकत होत्या. वीस अंशावर असलेली खूण तीसवर गेली, मग अडतीसवर. काका व्होल्टेजला दोष देत, बल्बला देत, एकदा तर मी दिलेल्या कोनमापकाला दिला. त्यांनी बल्ब बदलून पाहिला. नंतर आधी स्वतःच्या डोळ्यांनी मोजून पाहू लागले, म्हणजे व्होल्टेजची लबाडी पकडता यावी. त्यांची स्वतःची खूण जागची हलत नव्हती. संध्याकाळी ते ओट्यावर येऊन बसत आणि गल्लीतल्या कुणालाच 'मोजलं का?' विचारत नसत. मला ते छळणं हवंहवंसं वाटू लागलं होतं.

पोळा झाला आणि एकदम चमत्कार झाला. खूण सत्तेचाळीसवर आली आणि थांबली. एक आठवडा, दोन आठवडे, महिना. काका पुन्हा ताठ चालू लागले. रोज संध्याकाळी भिंतीपलीकडून आरोळी यायची, "बाई, खूण हलली न्हाई! जागच्या जागी हाय!" मग मी इकडून "वा काका!" म्हणायचं. युसूफभाईंना त्यांनी मुद्दाम बोलावून भिंत दाखवली. "बघ, हॉटेलवाल्यांचा शौक." युसूफभाईंनी त्या दिवशी पाणीही घेतलं आणि चहाही.

दिवाळीनंतर मी लूनावरून पडले. कपाळाला तीन टाके आणि त्यावर भुवईपर्यंत येणारी पांढरी पट्टी. शाळेत त्या पट्टीवरून पोरांनी मला काय नाव ठेवलं, ते मी इथं सांगणार नाही. दुपारी काकूंकडं गेले. त्या सुपात तूरडाळ निवडत होत्या. खडा बोटांना लागला की टपकन बाजूला. मी अर्धा तास बसले. काकू लेकीबद्दल बोलल्या, तिला शिरड शहापूरला दिलेली, तिच्या सासूच्या गुडघ्याबद्दल बोलल्या. निघताना माझ्या तोंडाकडं पाहून म्हणाल्या, "आज तू लई बरी दिसून राहिलीस बघ."

मी निघता निघता परत बसले.

"काकू, माझ्या कपाळाला काय झालंय?"

काकूंची बोटं सुपात थांबली. त्यांनी कानोसा घेतला. काका दूध आणायला गेले होते. मग त्यांनी हात पुढं केला, माझं कपाळ चाचपलं आणि पट्टी लागताच "अगं माय!" म्हणून जवळ ओढलं.

"काहीच दिसत नाही?"

"न्हाई लेकी. पोळ्यापासून काहीच न्हाई. उजेड बी न्हाई."

"मग रोज 'आला' कशा म्हणता?"

"रेडिओ सांगतोय की." त्या चक्क हसल्या. "त्यांनी कान पिळला की तो गुरगुरतो. मग मी मनातल्या मनात बावीस मोजते अन् म्हणते, आला. मोजणीदाराची बायको हाय मी. एवढं तर मोजता यायलाच पाहिजे."

"पण काकांना सांगत काहून नाही तुम्ही?" मी नेहमी शुद्ध बोलणारी बाई, पण त्या घरात माझ्या तोंडून 'काहून' आपसूक यायचं.

"सांगून काय व्हतंय? मला तकलीफ न्हाई, सवय झाली. त्यांचं कसं व्हईल? त्या खुणेवर चालून राहिलाय तो माणूस. खूण हलली न्हाई म्हणून दोन घास खातो." त्यांनी माझा हात घट्ट धरला. "लेकीला बी सांगितलं न्हाई मी. तू बी सांगायचं न्हाई."

मी कबूल केलं. पण त्या दिवसापासून काकांची आरोळी आली की मी 'वा काका' हातातलं काम संपवून मगच म्हणायची. दिवसभर एका घरात वावरणाऱ्या माणसाला कळत कसं नाही, याचा मला रागसुद्धा यायचा. मग वाटायचं, डोळा खोटं बोलतो आणि फीत खरं बोलते, असं जन्मभर मानलेला माणूस हा. भिंतीवर सत्तेचाळीस लिहिलंय ना, मग तो डोळ्यावर कशाला विश्वास ठेवील? एवढा मोठा मोजणीदार, आणि बायकोनं त्याला बावीस आकड्यांत फसवलं. मला त्यांची कीव यायची. आज ती कीव आठवली की माझीच मला लाज वाटते.

थंडीचे दिवस होते. मी बाजारातून काकूंचे थेंब घेऊन आले आणि द्यायला गेले. दिवेलागण झालेली. "बसा बाई," काका म्हणाले, "मोजणी होऊ द्या." त्यांनी खिडकी लावली. काकू पलंगावर ताठ बसल्या, हात मांडीवर. कोनाड्यात रेडिओवर कुणीतरी हरभऱ्यावरच्या अळीबद्दल सांगत होतं. मी अर्धवट उघड्या दाराशी टेकले; बाहेरचा उरलासुरला उजेड तेवढा आत येत होता.

खट्.

बल्ब लागला नाही. काकांनी कान आणखी फिरवला. तार लाल झाली नाही. काहीच झालं नाही. दाराच्या फटीतून पाहिलं तर गल्लीच्या कोपऱ्यावरचा दिवाही विझलेला. लाइट गेली होती, आणि रेडिओवरचा माणूस गुरगुर न होता स्वच्छ आवाजात अळीबद्दल सांगत होता.

काकू वाट पाहत होत्या. त्यांचे हात मांडीवरून किंचित उचलले आणि तसेच थांबले. गुरगुर आली नव्हती, तर मोजायला सुरुवात कुठून करणार? मला वाटलं, आता संपलं. आता काका म्हणणार, लाइट गेलीय, थांब. आणि काकू त्याआधीच घाबरून 'आला' म्हणून बसणार, आणि चार-पाच महिन्यांचं सगळं एका क्षणात उघडं पडणार. मी तोंड उघडलं, काहीतरी बोलावं म्हणून.

काकांनी माझ्याकडं पाहिलंही नाही. बोर्डावरचा हात त्यांनी काढला. दोन पावलं आवाज न करता कोनाड्याकडं गेले आणि रेडिओचा काटा बोटानं अगदी जरासा सरकवला, केंद्र सुटेल इतकाच.

खर्रर्र...

काकूंचे ओठ हलू लागले. एक, दोन, तीन. काका रेडिओवर बोट ठेवून उभे होते, त्यांचेही ओठ हलत होते. मग माझ्या ध्यानात आलं, तेही मोजत होते. न्हाणीकडं जाणारी ती गाठींची दोरी अंधारातही मला दिसली. तिच्यावर कधी एक रुमालसुद्धा वाळत घातलेला मी पाहिला नव्हता. मला रडू आवरेना. मी पदराचा बोळा तोंडात धरला.

"आला," काकू म्हणाल्या, आणि त्यांनी हात जोडले.

"आला ना? बराबर," काका म्हणाले. त्यांनी काटा परत जागेवर आणला. भिंतीकडं जाऊन, चाचपत, रोजच्या खुणेशेजारी पेन्सिलीनं खूण केली. मेहुण्याच्या वावरात हातभर दगड न सरकवणारा माणूस तो, किती दिवसांपासून त्या भिंतीवर खोट्या खुणा करत होता, देव जाणे. मग तेही तसबिरीच्या दिशेनं अंधारात हात जोडून उभे राहिले.

मला सोडायला ते उंबऱ्यापर्यंत आले. गल्ली आता काळीकुट्ट झाली होती.

"बाई," ते हळू आवाजात म्हणाले, "खूण हलली न्हाई."

"न्हाई हलली, काका," मी म्हटलं. "मी होते ना तिथं."

तेवढ्यात आतून काकूंचा आवाज आला. "अहो, बाईला बॅटरी दाखवा. लाइट न्हाई गल्लीत, ठेच लागंल."

लाइट गेल्याचं आत कुणीही सांगितलं नव्हतं. पण खट् झाल्यावर गुरगुर उशिरा आली, हे काकूंनीही मोजलं असणार. काका चौकटीला हात टेकून उभे राहिले. मग आत गेले, बॅटरी घेऊन आले, आणि मी माझ्या दारात पोहोचेपर्यंत अठरा फूट सात इंच उजेड धरून उभे राहिले.